कामगारांच्या निवृत्तिनिधीचा कारभार : त्यात कामगारांचा शब्द किती असावा?

संघाच्या स्मरणिकेसाठी आजवर आम्ही धान्याचे भाव, बाजारसमितीचे नियम, बारदानाची टंचाई अशा विषयांवर चार शब्द लिहीत आलो. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढील सर्व विद्या रविवार पेठेतील गाळ्यात, कीर्द-खतावणीपुढे बसून मिळविलेली. तथापि या विषयाचा धडा आम्हांस आमच्याच चोपडीने शिकविला, म्हणून तो व्यापारी बंधूंपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या वडिलांनी १९६८ च्या पाडव्यास पेढीवरील नोकरांसाठी एक फंड काढला. दिवाणजी, तोलार, हमाल व गाडीवान मिळून दहा-अकरा माणसे. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात मुळात सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयास एक आणा, असा दर होता. वडिलांनी तोच धरला. नोकराच्या पगारातून तितके कापावयाचे, तितकेच पेढीने घालावयाचे, आणि दर पाडव्यास व्याज जमा करावयाचे. माणसे वीसांहून कमी असल्यामुळे कायद्याचे बंधन नव्हते. केवळ सद्‌बुद्धीने चाललेली ती व्यवस्था होती. पैसा मात्र पेढीच्याच धंद्यात फिरत असे. त्यात वावगे काही आहे, असे वडिलांस वाटले नाही आणि त्यांच्यामागे आम्हांसही वाटले नाही.

२०१६ साली आम्ही चढ्या भावाने तूर भरली. २०१७ च्या सुगीत तुरीचे विक्रमी पीक आले आणि भाव हमीभावाच्याही खाली गेला. पेढीचे भांडवल गोदामात अडकून पडले. नेमके त्याच वेळी आमचे एक वृद्ध तोलार, ज्यांना आम्ही लहानपणापासून मामा म्हणत आलो, काम सोडून फंडाची रक्कम मागावयास आले. डोळ्याची शस्त्रक्रिया करावयाची होती. आम्ही त्यांस संक्रांतीचा वायदा दिला, नंतर पाडव्याचा, नंतर दिवाळीचा. चौदा महिन्यांनी, दोन हप्त्यांत, त्यांची पै न पै फेडली. परंतु तोवर एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. दुसरा हप्ता घेताना मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सावकार, पैसे बुडणार न्हाईत हे मला ठाऊक होतं. पण ते कुठं आहेत, हे मला कधी कुणी सांगितलं न्हाई, आणि मीही कधी विचारलं न्हाई."

त्या वाक्यापासून आम्ही या विषयाचा शोध घेऊ लागलो.

हा पैसा कोणाचा?

प्रथम मूळ प्रश्न. निवृत्तिनिधीतील पैसा मालकाची कृपा आहे, की कामगाराची मिळकत? जुन्या काळी धनी प्रसन्न झाला तर म्हाताऱ्या नोकरास चार रुपये देई. ते दान होते, आणि दानाचा हिशेब घेणाऱ्याने मागावयाचा नसतो. परंतु जेथे दरमहा ठरलेल्या दराने रक्कम कापली जाते, आणि मालकाचाही हिस्सा नोकरीच्या अटींतच ठरलेला असतो, तेथे ती रक्कम म्हणजे आज केलेल्या कामाचे उद्या मिळावयाचे वेतन होय. मालक त्याचा धनी नसून केवळ विश्वस्त आहे. आपल्या पेढ्यांवर धर्मादाय खाते असे. ते पैसे आपल्याच तिजोरीत असत, पण घरखर्चास त्यातील एक पैसाही काढण्याची कोणाची छाती होत नसे. निवृत्तिनिधीची जात तीच आहे. भेद इतकाच, की येथे धन्याचे नाव चोपडीत लिहिलेले आहे आणि तो धनी समोर पोती उचलीत असतो.

आणि ज्याचा पैसा त्याने तो कोठे ठेवावा, कसा वाढवावा, केव्हा द्यावा याविषयी काहीच बोलू नये, हे व्यापारी बुद्धीस पटणारे नाही. भागीदारीत एक रुपया घालणारा भागीदारही वर्षअखेरीस खतावणी पाहतो.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात कोळसा खाणींसाठी १९४८ साली आणि कारखान्यांसाठी १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५२ पासून योजना प्रत्यक्ष सुरू झाली. सिमेंट, सिगारेट, यंत्रसामग्री, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड असे सहा उद्योग व पन्नास कामगारांची मर्यादा, ही तिची सुरुवात. पुढे १९६० च्या अखेरीस ती मर्यादा वीसांवर आली आणि उद्योगांची यादी वाढत गेली. १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची भर पडली, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. आता १९५२ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. व्यवस्थापनाची मूळ घडी मात्र तीच राहिली आहे.

ती घडी अशी : सर्व कारभार एका केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे असतो. केंद्रीय श्रममंत्री हे त्याचे अध्यक्ष. त्यावर केंद्र सरकारचे पाच, राज्यांचे पंधरा, मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी. अध्यक्ष, उपाध्यक्ष व आयुक्त धरले तर सरकारपक्ष तेवीस होतो. मालक व कामगार एकत्र आले तरी वीस. म्हणजे कामगारास खुर्ची आहे, पण पारडे फिरविण्याइतके वजन नाही. शिवाय हे दहा प्रतिनिधी सभासदांनी मत देऊन निवडलेले नसतात. कामगार संघटनांशी विचारविनिमय करून सरकार त्यांची नेमणूक करते. ज्या कामगाराची संघटनाच नाही, त्याच्या बाजूने कोण बोलतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मोठ्या कारखान्यांपैकी काहींस सूट मिळते. ते स्वतःचा निधी स्वतःच्या विश्वस्त मंडळामार्फत चालवितात. तेथे मालक व कामगार यांचे विश्वस्त समसमान असावे लागतात, सरकारने जाहीर केलेल्या व्याजाहून कमी व्याज देता येत नाही, आणि तूट आली तर ती मालकाने भरून द्यावयाची असते. निवृत्तिवेतनाचा हिस्सा मात्र तेथूनही केंद्रीय निधीकडेच जातो.

भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन

या दोहोंतील भेद पुष्कळ मालकांस ठाऊक नसतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. कामगार बारा टक्के भरतो, मालकही बारा भरतो. कामगाराचा हिस्सा सर्वस्वी त्याच्या खात्यावर जमा होतो. मालकाच्या बारांपैकी, ठराविक वेतनमर्यादेपर्यंत, ८.३३ टक्के निवृत्तिवेतन निधीस जातात आणि उरलेले खात्यावर. खात्यावरची रक्कम कामगारास दिसते. निवृत्तिवेतन निधी हा मात्र सर्वांचा मिळून एकच हौद आहे. त्यात कोणाचे वेगळे खाते नाही, आणि कोणास किती मिळावयाचे हे सूत्राने ठरते : सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. सरासरी वेतन १५,००० रुपये आणि सेवा १४ वर्षे असेल, तर महिना ३,००० रुपये. निदान दहा वर्षे सेवा हवी, आणि पूर्ण वेतन अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मिळते.

आता पाहा, सूत्रातील एक शब्द बदलला म्हणजे काय होते. १ सप्टेंबर २०१४ पासून सरासरी शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांची धरली जाऊ लागली. पगार दरसाल वाढत असतो. पाच वर्षांची सरासरी एका वर्षाच्या सरासरीहून कमीच येणार. त्याच वेळी किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले आणि वेतनमर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, हा लाभ झाला हेही सांगितले पाहिजे. या बदलांवरून वर्षानुवर्षे खटले चालले. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन साठ महिन्यांचा नियम कायम ठेवला. नियम योग्य की अयोग्य, हा आमचा विषय नाही. परंतु लक्षावधी माणसांच्या म्हातारपणाची भाकरी ज्या एका ओळीवर अवलंबून, ती ओळ लिहिली जात असताना त्यांचा शब्द कितीसा ऐकला गेला?

खोलीतील शब्द आणि रस्त्यावरील शब्द

२०१६ सालचे दोन प्रसंग या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला व्याजाचा. केंद्रीय मंडळाने २०१५-१६ साठी ८.८ टक्के व्याजाची शिफारस केली. अर्थखात्याने एप्रिलमध्ये ८.७ टक्क्यांसच मान्यता दिली. कामगार संघटनांनी एकमुखाने हरकत घेतली, आणि महिना संपण्यापूर्वीच सरकारने पुन्हा ८.८ टक्के मान्य केले. मंडळात कामगार बसलेले होते आणि तेथील शिफारस जाहीर झालेली होती, म्हणूनच त्या एक दशांश टक्क्यासाठी भांडता आले.

दुसरा प्रसंग आपल्याच कर्नाटकातला. त्या वर्षी फेब्रुवारीत असा नियम निघाला, की नोकरी सुटल्यावर मालकाच्या हिश्श्याची रक्कम अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येऊ नये. हेतू म्हातारपणाची तरतूद टिकावी हाच असेल. परंतु बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रिया काही वर्षे काम करून, लग्न, बाळंतपण वा आजारपण यामुळे काम सोडतात, आणि तेव्हा हाच पैसा त्यांचा आधार असतो. १८ व १९ एप्रिलला त्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. दगडफेक झाली, वाहने जळाली, लाठ्या चालल्या. आणि १९ तारखेसच सरकारने तो नियम मागे घेतला. आम्ही हिंसेचे समर्थन कदापि करणार नाही. परंतु नियम करण्यापूर्वी शिवणयंत्रावरील दहा बायांस बोलावून विचारले असते, तर त्यांनी अर्ध्या तासात सांगितले असते, की बाबांनो, हे आमच्या संसारास परवडणारे नाही. जो शब्द खोलीत ऐकला जात नाही, तो रस्त्यावर येतो, आणि तेथे त्याची किंमत सर्वांसच मोजावी लागते.

परदेशांतील दाखले

इंग्लंडात रॉबर्ट मॅक्सवेल नावाचा वृत्तपत्रांचा बडा मालक नोव्हेंबर १९९१ मध्ये समुद्रात बुडून मेला. मागाहून उघड झाले, की त्याने आपल्या कंपन्यांच्या निवृत्तिनिधीतून चाळीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम डळमळीत धंदा सावरण्यासाठी काढली होती. निधीचे विश्वस्त होते, कागदपत्र होते, हिशेबतपासनीसही होते. पण किल्ली एकाच हातात होती. त्यानंतर १९९५ चा निवृत्तिवेतन कायदा झाला, आणि विश्वस्तांपैकी निदान एक तृतीयांश सभासदांनी सुचविलेले असावेत, असा नियम तेथे आला. आमच्या तुरीची गोष्ट आणि मॅक्सवेलची गोष्ट यांत रकमेचा भेद फार मोठा आहे, हेतूचाही आहे. परंतु दुसऱ्याचा पैसा आपल्या धंद्यात मिसळला, हे मूळ एकच. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण लपवून उपयोग नाही.

जर्मनीची रीत याहून पुढची आहे. तेथे सार्वजनिक निवृत्तिविम्याच्या संस्थांत मालक आणि विमेदार यांचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे असतात. १९५३ पासून त्यांच्या निवडणुका सुरू झाल्या. आता त्या दर सहा वर्षांनी होतात आणि निवृत्त झालेल्यांसही मत असते. ज्यांना निवृत्तिवेतन मिळते त्यांचाच शब्द आपल्याकडे सर्वांत कमी ऐकू येतो, कारण नोकरी सुटली की संघटनाही सुटते. हे अनुकरणीय आहे.

हमालांचे मंडळ

आता आपल्या धंद्याजवळ येऊ. पोती वाहणारा हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण, हेच ठरत नसे. मग निधी कोण भरणार? हा गुंता महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडविला. मुंबईच्या गोदी व बाजारांतील हमालांची संघटना अण्णासाहेब पाटील यांनी उभी केली होती. तिच्या चळवळीतून तो कायदा आला. त्याची युक्ती व्यापाऱ्यास सहज समजेल अशी आहे. हमालांची व मालकांची नोंदणी एका मंडळाकडे. मालकाने मजुरी, आणि तिच्यावर ठरलेला लेव्ही, मंडळात भरावयाचा. मंडळ हमालास मजुरी देते, आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व औषधपाणी भागविते. मालक अनेक असले तरी खाते एक राहते.

आणि त्या मंडळाची रचना पाहा. मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी संख्येने समान, आणि सरकारचे प्रतिनिधी या दोहोंच्या बेरजेच्या एक तृतीयांशाहून अधिक नाहीत. म्हणजे केंद्रीय मंडळात जे वजन सरकारकडे आहे, ते येथे बाजाराच्या दोन्ही अंगांकडे दिले आहे. आरंभी व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, प्रकरणे न्यायालयांतही गेली. आजही लेव्हीच्या दराविषयी व बोगस नोंदींविषयी तक्रारी आहेत, आणि त्यांतील काही रास्त आहेत. परंतु ज्याने आयुष्यभर डोक्यावर पोती वाहिली, तो म्हातारपणी आपल्या नावाच्या खात्यावरील रक्कम मागू शकतो आणि ती कोणाच्या तुरीत अडकलेली नसते, ही गोष्ट लहान नव्हे.

केरळने १९७८ साली आणि गुजराथने १९७९ साली याच धर्तीचे कायदे केले. वडोदऱ्याच्या आमच्या बंधूंस त्याचा परिचय असेलच. बेळगावच्या बाजारास महाराष्ट्राचा तो कायदा लागू नाही. म्हणून आपल्याकडे जे करावयाचे, ते पुष्कळसे आपल्याच बुद्धीने करावे लागते.

आक्षेप आणि उत्तरे

मित्रांशी बोलताना तीन आक्षेप ऐकू येतात.

एक : कामगारास हिशेब कळत नाही. उत्तर असे, की आपल्यापैकी किती जणांस रोखे कळतात? २०१८ साली पायाभूत कामांस भांडवल पुरविणारी एक मोठी वित्तसंस्था कोसळली. तिच्या रोख्यांस थोडे दिवस आधीपर्यंत सर्वोच्च मानांकन होते, आणि अनेक निधींच्या विश्वस्तांनी ते विश्वासाने घेतले होते. त्यांत सुशिक्षित मालक होते आणि कामगारही होते. तेव्हा खुर्ची दिली म्हणजे काम झाले, असे नाही. खुर्चीवर बसणाऱ्यास शिकवावे लागते, आणि कागद त्याच्या भाषेत द्यावे लागतात. इंग्रजीतील चाळीस पानांवर सही घेणे म्हणजे मत घेणे नव्हे.

दोन : कामगार प्रतिनिधी नेहमी अधिक व्याज मागतील व निधी धोक्यात घालतील. अनुभव उलट आहे. २०१५ च्या ऑगस्टपासून निधीच्या नव्या ठेवींचा पाच टक्के भाग भागबाजाराशी निगडित गुंतवणुकीत घालण्याचे ठरले, तेव्हा विरोध कामगार प्रतिनिधींनीच केला. तो भाग पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत गेला. बाजार चढला, म्हणून त्यांची भीती अनाठायी ठरली असे कोणी म्हणेल. पण त्यांस उतावळे तर म्हणता येणार नाही. ज्याला दुसरी मिळकत नाही, तो आपल्या पुंजीविषयी सर्वांत सावध असतो.

तीन : पेढीची अंदरकी बात बाहेर फुटेल. यास आमचे उत्तर एवढेच, की निधीचा हिशेब ही पेढीची अंदरकी बात नव्हेच. ती त्यांची बात आहे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा निधीत न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, हे आपण विसरता कामा नये.

पेढीवर काय करता येईल?

आम्ही काय केले ते सांगतो. त्यात मोठेपणा नाही, प्रायश्चित्ताचा भाग अधिक आहे. २०१८ च्या पाडव्यापासून फंडाचा सर्व पैसा धंद्यातून काढून बँकेच्या व टपालखात्याच्या ठेवींत घातला. खाते तिघांच्या सह्यांचे : एक आमची, दोन नोकरांच्या. ते दोघे नोकरांनीच निवडावयाचे, दोन वर्षांनी बदलावयाचे, आणि त्यांपैकी एक हमाल असलाच पाहिजे. दर तीन महिन्यांनी गाळा बंद झाल्यावर हिशेब मोठ्याने वाचून दाखवावयाचा. मागणी आल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यावयाची. उशीर झाला तर व्याज पेढीच्या नफ्यातून.

पहिल्याच वर्षी एका हमालाने विचारले, "सावकार, चैत्रात भरलेल्या पैशाला फाल्गुनापर्यंत व्याज का लागत न्हाई?" आम्ही चोपडी पाहिली. वडिलांच्या काळापासून व्याज वर्षारंभीच्या शिलकेवरच धरले जात होते; वर्षात भरलेल्या रकमेवर त्या वर्षी काहीच नाही. सरकारी निधीत व्याज दरमहाच्या शिलकेवर धरतात. पन्नास वर्षांत ही चूक ना दिवाणजींच्या ध्यानात आली, ना आमच्या. जी माणसे कामावर होती त्यांच्या खात्यांची दुरुस्ती केली. मामांच्याही खात्याची केली, आणि निघालेली रक्कम त्यांच्या घरी नेऊन दिली.

वीस वा अधिक माणसे असतील, तर कायदा आहेच. हप्ता पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरावा, आणि प्रत्येक नोकरास त्याचा खातेक्रमांक देऊन मोबाइलवर शिल्लक कशी पाहावी हे शिकवावे. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो. तो हाती असला म्हणजे मालकास विचारण्याचीही गरज उरत नाही. कमी माणसे असतील, तर अटल पेन्शनसारख्या सरकारी योजनेत नोकराचे नाव घालून हप्त्याचा काही भार पेढीने उचलावा. तेथे कारभारात त्याचा शब्द नाही हे खरे, पण पैसा निदान आपल्या गोदामात राहत नाही. आणि स्वतःचा फंड असेल, तर त्याची किल्ली एकट्याच्या कनवटीस ठेवू नये.

सारांश, निवृत्तिनिधीत कामगारास शब्द देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे, आणि आपला अधिकार सोडणेही नव्हे. ज्याचे आहे त्यास ते दाखविणे, एवढाच त्याचा अर्थ. संघाने पुढील वर्षी सभासद पेढ्यांवरील नोकरांच्या फंडांची एक समान नियमावली करावी, आणि ती करणाऱ्या समितीत चार तोलार-हमालांसही बसवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. सूचना पसंत न पडल्यास निदान एवढे तरी करावे : या पाडव्यास आपल्या सर्वांत जुन्या नोकरास जवळ बसवून, त्याचे किती साठले आहे आणि ते कोठे आहे, हे त्याने विचारण्यापूर्वीच सांगावे.